पाहुण्याचे कर्तव्य

१८५३ साली एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस, दुपारी साडेतीनच्या सुमारास, मुंबईच्या बोरीबंदराहून हिंदुस्थानातील उतारूंची पहिली आगगाडी निघाली, ती ठाण्याला गेली. गाडीस १४ डबे होते आणि त्यांत सुमारे ४०० निमंत्रित मंडळी बसली होती. अंतर ३४ किलोमीटरांचे. ते तास-सव्वा तासात तोडले गेले. ठाण्यास तंबू उभारून या मंडळींच्या फराळाची सिद्धता करून ठेवली होती. फराळ झाला, इकडेतिकडे पाहून झाले आणि संध्याकाळी मंडळी त्याच गाडीने मुंबईस परतली. या घटनेचे वर्णन इतिहासाच्या पुस्तकांत वाफेच्या इंजिनाचा पराक्रम म्हणून केलेले असते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्याकडे दुसऱ्याही दृष्टीने पाहता येईल. ती एक दिवसाची सहलच होती. चारशे माणसे एका गावी गेली, त्या गावाने त्यांची सरबराई केली आणि ती आनंदाने घरी आली. त्या दिवशी मुंबई पाहुणी होती आणि ठाणे यजमान होते.

आज हे नाते उलटले आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही आता पाहुणे पाठविणारी शहरे झाली आहेत. पावसाळ्यातील कोणत्याही रविवारी पहाटे पाहावे. डोंबिवलीच्या चौकातून, कल्याणच्या बसस्थानकासमोरून, ठाण्याच्या तलावपाळीजवळून मोटारी आणि बसगाड्या भरून भरून निघत असतात. कोणी माळशेजच्या घाटात जातात, कोणी शहापूरकडच्या डोंगरांत, तर कोणी मुरबाडच्या रस्त्याने नाणेघाटाच्या पायथ्याशी. शाळांच्या सहली, कचेऱ्यांतील मित्रमंडळे, एकाच इमारतीतील कुटुंबे, अशा नाना तऱ्हेच्या टोळ्या त्यांत असतात. शहरातील अरुंद घरांत आणि गर्दीच्या गाड्यांत ज्यांचा आठवडा जातो, त्यांना एक दिवस मोकळी हवा आणि हिरवा डोंगर हवासा वाटला तर त्यात नवल ते कोणते?

पण पाहुणा म्हणून जाणे ही एक विद्या आहे आणि ती मात्र कोणी शिकवीत नाही. यजमान कसे व्हावे हे मराठी घरातील मूल पाळण्यात असल्यापासून पाहत असते. उन्हातून कोणी आले की आधी गूळपाणी द्यावे, बसावयास आसन द्यावे, जेवणवेळ झाली असेल तर पान वाढल्याशिवाय जाऊ देऊ नये, हे कोणास सांगावे लागत नाही. अतिथीला देव मानावे असे सांगणारे उपनिषदातील वचन तर सर्वांना पाठ असते. मात्र ते वचन यजमानाला उद्देशून आहे. पाहुण्याला उद्देशून सांगितलेले वचन पाठ म्हणणारा विद्यार्थी क्वचितच आढळेल. म्हणून पुष्कळ पाहुण्यांची अशी समजूत होऊन बसते, की आपण देव आहोत आणि देवाने फक्त नैवेद्य घ्यावयाचा असतो.

ठाणे-कल्याणचा जुना इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या एका सागरप्रवासाच्या पुस्तकात कल्याण बंदराचे नाव येते. परदेशचे व्यापारी तेथे उतरत, आणि तेथून माल बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटाने जुन्नरकडे चढविला जाई. वाट अवघड, ऊन कडक. या वाटेवर आणि तिच्या आसपास जी लेणी कोरली गेली, त्यांच्या जोडीला खडकात पाण्याची टाकीही खोदलेली आहेत. ठाण्याच्या येऊरच्या डोंगराला लागून पलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तेथे भिंतींवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरून ठेवली आहेत, आणि त्यांत कल्याणच्या लोकांची नावे कितीतरी आहेत. कल्याणच्या एका सोनाराने तेथे पाण्याचे टाके खोदवून दिले, असा एक लेख आहे. त्या काळच्या भाषेत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणत. लेणे देणारे राजे आणि श्रेष्ठी मोठे खरेच. पण तहानलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर तो सोनार त्यांच्याहून तिळमात्र लहान ठरत नाही. आपले पाणी कोण पिणार आहे हे त्याला ठाऊक नव्हते. पिणाऱ्यालाही सोनाराचे तोंड दिसणार नव्हते.

नाणेघाटाची वाट आजही चढता येते. कल्याणहून मुरबाड, टोकावडे अशी गावे मागे टाकीत सुमारे ६० किलोमीटर गेले की वैशाखरे गाव लागते. त्याच्या पुढे मोटार सोडून रानातून दगडी पायऱ्यांची चढण सुरू होते. माथ्याजवळ खडकात कोरलेली एक प्रशस्त गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि नाणी यांचे आकडे त्यात मोजून लिहिले आहेत. आकडे कसे लिहीत असत हे समजून घेण्यासाठीही हा लेख विद्वानांना मोलाचा वाटतो. समोरच्या भिंतीवर एके काळी राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. त्यांपैकी आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी राहिली आहेत. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असत असे लोक सांगतात. राजाच्या मूर्ती गेल्या, जकात गेली. टाकी मात्र आहेत आणि त्यांत पाणी साठते. आलेल्या प्रवाशाने ते पाणी मागून येणाऱ्यासाठी स्वच्छ ठेवावे, एवढीच त्या जुन्या यजमानांची अपेक्षा असणार. आजचा प्रवासी त्याच टाक्यांच्या काठावर रिकाम्या बाटल्या आणि फराळाची कागदे टाकून जातो, तेव्हा दोन हजार वर्षांचा पाहुणचार तो एका दुपारी बिघडवितो. हा शब्द कठोर वाटेल, पण तो मवाळ करण्याचे कारण दिसत नाही.

आता पायथ्याच्या गावांकडे वळावे. मुरबाड आणि शहापूर हे तालुके पावसाचे आहेत. आषाढात तेथे जो पाऊस कोसळतो तो पाहावयासच शहरची मंडळी जातात. तथापि हाच मुलूख चैत्र-वैशाखात तहानेने व्याकूळ होतो. डोंगरावरील पाणी वाहून जाते, विहिरींचा तळ दिसू लागतो, आणि कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत ठेवलेले असतात. आश्चर्य असे की याच भागातील नद्यांवर मोठमोठी धरणे आहेत. शहापूर तालुक्यातील तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देत आहे. भातसा धरणही त्याच तालुक्यातले. मुरबाडच्या बाजूचे बारवी धरण ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि आसपासचे कारखाने व वस्त्या यांची तहान भागविते. त्याची उंची वाढविली गेली तेव्हा मुरबाड तालुक्यातील काही पाडे पाण्याखाली गेले आणि तेथील कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली.

ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली म्हणजे सहलीचा अर्थच पालटतो. डोंबिवलीतील मुलगा रविवारी मुरबाडला गेला म्हणजे त्या दिवसापुरता पाहुणा झाला, असे तो समजतो. वस्तुतः तो रोजच पाहुणा आहे. सकाळी नळाची तोटी फिरविली की त्याचा पाहुणचार सुरू होतो. यजमान मात्र समोर नसतो. वर्षातून एखादे वेळी सहलीच्या निमित्ताने त्या यजमानाच्या दारी उभे राहण्याची संधी मिळते. आणि तेथे काय घडते? वाटसरू दारात दिसला की घरातील बाई आधी पाण्याचा तांब्या पुढे करते. उन्हाळ्याच्या दिवसांत ते पाणी तिने मैलभरावरून डोक्यावर वाहून आणलेले असते. पाहुणा अर्धा तांब्या पितो आणि उरलेल्या पाण्याने चूळ भरून पाय धुतो! त्याच्या मनात अपमान करावयाचा नसतो. पाणी नळातून येते एवढेच त्याला ठाऊक असते. पाहुण्याचे पहिले कर्तव्य म्हणून जर काही सांगावयाचे असेल तर ते हेच, की जे आपल्यापुढे ठेवले गेले ते यजमानाला किती कष्टाने मिळते याची त्याने आधी माहिती करून घ्यावी.

यावर काही सुज्ञ मंडळी म्हणतील, की मग त्या गरीब लोकांना त्रास तरी कशाला द्यावा? आपले पाणी, आपले जेवण, आपला चहा बरोबर घ्यावा, डोंगर पाहावा आणि कोणाच्या दाराशी न जाता परत यावे. हे म्हणणे वरवर फार समंजस दिसते आणि त्यात चांगुलपणाही आहे. परंतु ते पूर्णपणे पटत नाही. पाणी आणि शिदोरी बरोबर न्यावी, यात शंका नाही. मात्र गावातून जाताना कोणाकडे पाहावयाचे नाही, कोणाशी बोलावयाचे नाही, दिलेला घोटभर चहा ‘नको नको’ म्हणून परत करावयाचा, हे सौजन्य नव्हे. देणाऱ्याला देण्याचाही एक मान असतो. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याने पुढे केलेला हात झिडकारणे म्हणजे त्याच्या थोडेपणावर बोट ठेवणेच होय. शिवाय असा प्रवासी डोंगराचे चित्र तेवढे पाहतो. चित्र तर घरबसल्याही पाहता येते.

चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी किती असतात, याचे एक साधे उदाहरण घ्यावे. पहिल्या पावसाच्या सुमारास ठाण्या-कल्याणच्या बाजारात आदिवासी बाया टोपल्यांतून शेवळे विकावयास आणतात. जमिनीतून भाल्यासारखी वर आलेली ही रानभाजी चवीला फार रुचकर. पण ती जशीच्या तशी शिजवून खाल्ली तर घसा असा खवखवतो की पुन्हा नाव घेऊ नये. म्हणून तिच्यात काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळे घालतात आणि ती खाज मारतात. विकणारी बाई शेवळांबरोबर काकडे देते ती उगीच नव्हे. कोणते झाड, कोणत्या महिन्यात, कोणत्या उतारावर, आणि त्याच्या जोडीला दुसरे कोणते, हे सारे ज्ञान त्या पाड्यांवरील माणसांच्या जिभेवर असते. ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. चुलीपाशी दोन घटका बसल्याशिवाय, आणि विचारल्याशिवाय, ते मिळत नाही. नाणेघाटाच्या गुहेतील लेख वाचावयास पंडित लागतो. हा दुसरा लेख वाचून दाखवावयास त्या बाईइतका अधिकारी पंडित नाही.

मात्र एकट्या-दुकट्या वाटसरूची गोष्ट वेगळी आणि टोळीची वेगळी. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, असा त्या शब्दाचा अर्थ सांगितला जातो. एक माणूस अवचित आला तर हंडीतल्या भातात त्याचाही घास निघतो. चाळीस माणसे अवचित आली तर तो पाहुणचार राहत नाही, ते संकट होते. तेव्हा चाळीस जणांनी अतिथी होण्याची हौस धरू नये. त्यांनी आठ दिवस आधी कळवून, संख्या सांगून, वेळ ठरवून यावे आणि ठरल्या वेळी पोहोचावे. हल्ली पायथ्याच्या गावांतून अशी सोय होऊ लागली आहे. आगाऊ निरोप दिला तर घरोघरी तांदळाची भाकरी, पिठले, एखादी पालेभाजी असे साधे जेवण रांधून ठेवतात. त्याचे पैसे घेतात आणि ते घ्यावेत. पैसे घेतल्याने पाहुणचाराचा धर्म बुडाला अशी हळहळ काही जुन्या वळणाच्या लोकांना वाटते. ती हळहळ अस्थानी आहे. तांदूळ, सरपण आणि श्रम यांचे मोल असते. ते न देता आदरातिथ्याचे गोडवे गाणे यात स्वार्थच अधिक. किंबहुना त्या घासाघीस करणाऱ्यांकडे पाहावे, जे हॉटेलात मागतील तितके पैसे मोजतात आणि भाकरीला दहा रुपये जास्त म्हणताच कपाळाला आठ्या घालतात! परंतु पैसे दिले म्हणजे हिशेब मिटला, असेही नाही. भाकरीची किंमत ठरविता येते. पाय घसरलेल्या मुलाला घाटातून हात धरून खाली आणणाऱ्या गावकऱ्याला ती किंमत लागू पडत नाही.

हाच विचार परदेशाच्या प्रवासालाही लागू आहे. आज डोंबिवली-ठाण्याची कितीतरी मंडळी गटागटाने परमुलखात जातात. तेथे एका मोठ्या बसमधून दिवसाकाठी तीन-चार स्थळे पाहतात, बरोबरच्या आपल्याच माणसांशी मराठीत बोलतात आणि रात्री वरण-भात मिळाला की संतोष पावतात. वयस्कर माणसांना आपले अन्न लागते, याबद्दल कोणी नाक मुरडू नये. मात्र आठ दिवसांत त्या देशाचे एकही घर आतून पाहिले नाही, तेथल्या एकाही आजीशी बोलणे झाले नाही, तर बसच्या काचेतून नेमके काय पाहिले, हा प्रश्न राहतोच.

कल्याणचे माहेर असलेली एक मुलगी याहून फार वेगळ्या रीतीने परदेशी गेली होती. आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांना परिचित आहे. त्या अमेरिकेत जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी होत. त्यांच्या विद्येची कीर्ती झाली, पण त्यांना घरात घेणाऱ्या यजमानीणबाईंचे नाव मागे पडले. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांनी एका मासिकात आनंदीबाईंविषयीचा मजकूर वाचला आणि १८८० साली, काहीएक ओळख नसताना, पत्र लिहून मदतीचा हात पुढे केला. पुढे पत्रामागून पत्रे गेली. आनंदीबाईंनी आपल्या पत्रांतून इकडचे सण, चालीरीती, स्त्रियांची स्थिती हे सारे त्यांना कळविले. त्यांतले वाईट झाकून ठेवले नाही आणि चांगल्याची लाज धरली नाही. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणू लागल्या. १८८३ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा या मावशी त्यांना घ्यावयास आल्या होत्या. त्यांच्याच घरी त्या उन्हाळाभर राहिल्या.

येथे पाहुणीचे वागणे पाहण्यासारखे आहे. तिने आपले लुगडे सोडले नाही, आपला शाकाहार सोडला नाही; आणि तरीही ती त्या घरात परकी राहिली नाही. यजमानाच्या घरी आपले सारे टाकून त्याच्यासारखे होणे म्हणजे चांगला पाहुणा होणे, अशी एक चुकीची समजूत आहे. यजमानाला पाहुण्याकडून काही घ्यावयाचे असेल तर ते पाहुण्याचे निराळेपणच होय. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली. दुर्दैवाने प्रकृती ढासळली होती. स्वदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. आपल्या माणसांशेजारी त्यांनी कल्याणच्या त्या पाहुणीला जागा दिली. तो दगड आजही तेथे आहे.

हे सारे एका पत्रापासून सुरू झाले होते. एक दिवसाच्या सहलीला एवढे मोठे फळ यावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण पत्र कोणासही लिहिता येते. ज्या घरी भाकरी खाल्ली, ज्याने वाट दाखविली, जिने तांब्या पुढे केला, त्यांना परत आल्यावर चार ओळी लिहिणे आणि तेथे काढलेले एखादे छायाचित्र छापून पाठविणे, यास फारसा खर्च येत नाही. शहरची मंडळी गावात शेकडो छायाचित्रे काढतात. ज्यांची काढली त्यांच्या हाती त्यांपैकी एकही पडत नाही. आपल्या नातवाचा चेहरा कागदावर आलेला पाहावा, असे पाड्यावरील म्हाताऱ्यालाही वाटतच असेल. सहलीच्या यादीत दोर, टोपी, औषधाची पेटी आणि कचरा परत आणावयाची पिशवी अशा वस्तू लिहिलेल्या असतात. तीत एक छोटी वही आणि पेन्सिल यांची भर घालावी. निघण्यापूर्वी यजमानाचे पूर्ण नाव, पाड्याचे नाव, टपाल कोणत्या गावी उतरते ते आणि तालुका, असे नीट विचारून तीत उतरून घ्यावे. पाड्यावरील घरांना क्रमांक नसतात, आणि पुढल्या उन्हाळ्यात टँकर आला की नाही हे विचारावयाचे झाले, तरी पत्ता लागणारच.